एएमडी गरम होतो म्हणे

कराडला आमच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला 2003 च्या जानेवारीत, आणि तो आईसाठी आला होता. हे मुद्दाम सांगते, कारण तेव्हा बहुतेक घरांत कॉम्प्युटर यायचा तो मुलांच्या शिक्षणासाठी. आई एका प्रेसमध्ये डीटीपी करायची, म्हणजे छपाईची पानं कॉम्प्युटरवर जुळवायची, लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं, आणि घरी मशीन असलं तर रात्रीचं काम घरी बसून होईल एवढाच हिशोब होता. बाबांनी पतसंस्थेतनं कर्ज काढलं. दुकानदाराने बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला बॉलपेनने दोन कोटेशनं लिहून दिली, एक इंटेल कंपनीच्या पेंटियम फोर प्रोसेसरचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूचं, आणि एक तिच्या स्पर्धक एएमडीच्या ॲथलॉन एक्सपी 1800+ चं, बाकी सगळं सेम, म्हणजे 40 जीबी हार्डडिस्क, पंधरा इंची मॉनिटर वगैरे. दुसरं कोटेशन चारेक हजारांनी कमी होतं. आईने एकच प्रश्न विचारला, "याच्यावर पेजमेकर चालेल ना?" तो म्हणाला, "ताई, पळेल." आणि पळायचंच ते.

त्या 1800+ मधली गंमत मला खूप उशिरा कळली. तो प्रोसेसर 1800 मेगाहर्ट्झचा नव्हताच, 1533 चा होता. मेगाहर्ट्झ म्हणजे प्रोसेसर सेकंदाला किती दशलक्ष वेळा टिकटिक करतो ते. पेंटियम फोर एका टिकटिकीत कमी काम करायचा पण टिकटिक फार भरभर करायचा, आणि लोक दुकानात फक्त मेगाहर्ट्झचा आकडा बघायचे, म्हणून एएमडीने खऱ्या स्पीडऐवजी "याच्या तोडीचा" असा आकडाच नावात घातला. तेव्हा आम्हाला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. आम्हाला फक्त एवढं माहिती होतं की टीव्हीवर ती पाच सुरांची ट्यून वाजते ती इंटेलची, आणि आमच्यात जे आहे त्याची काही ट्यून नाही.

मग मे महिना आला. मे म्हणजे लग्नसराई, आईच्या कामाची ऐन गडबड, आणि आमची खोली वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. दुपारी दोन-अडीचला मशीन खटकन बंद पडायचं. सेव्ह न केलेली पत्रिका गेली. परत सुरू करायचं, परत वीस मिनिटांनी बंद. एकदा तर चार भावांची, त्यांच्या बायकांची, सगळ्या आत्या-मावश्यांची नावं एकेक करून टाईप केलेली अख्खी "आपले विनीत"ची यादी गेली आणि आई कीबोर्डवर हात ठेवून नुसती बसून राहिली होती, ते मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. जो येईल तो बघायचा आणि म्हणायचा, "एएमडी का घेतलात? एएमडी गरम होतो." समोरचे काका, बँकेतले बाबांचे मित्र, मामा, सगळे. कुणीही कॅबिनेट उघडून बघितलं नाही.

उघडलं ते दीडेक वर्षाने, गल्लीतल्या इंजिनिअरिंगला असलेल्या एका मुलाने. कॅबिनेट टेबलाखाली भिंतीला टेकवून ठेवलेलं, म्हणजे मागनं हवा जायला बोटभर जागा नाही, आणि वरनं आईनेच विणलेलं क्रोशाचं कव्हर, पांढरं, कडेला निळी वेल. धूळ बसू नये म्हणून! ते कव्हर ती कॉम्प्युटर चालू असतानाही काढत नसे कारण बाहेर गल्लीचं काम चालू होतं आणि धुरळा उडायचा. त्या मुलाने पंखा सोडवला तर खालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांत धुळीचा असा थर होता की तो ओढल्यावर गोधडीच्या तुकड्यासारखा एकसंध बाहेर आला. प्रोसेसरची उष्णता त्या पात्यांकडे नेणारी मधली पेस्ट वाळून खडू झालेली. त्याने ब्रशने साफ केलं, ट्यूबमधली नवी पेस्ट लावली, कॅबिनेट पुढे ओढलं, कव्हर घडी करून कपाटात गेलं. पुढच्या मे महिन्यात मशीन एकदाही बंद पडलं नाही.

पण तोपर्यंत मत झालेलं होतं, आणि मत काही ब्रशने साफ होत नाही. आईकडे पत्रिका करायला येणारा जो कुणी कॉम्प्युटर घ्यायचं म्हणायचा त्याला ती सांगायची, "काहीही घ्या, एएमडी घेऊ नका, गरम होतो." मीही सांगायचे. पुण्यात आल्यावर ऑफिसात सांगायचे. 2012 ला मी स्वतःच्या पैशांनी पहिला डेस्कटॉप घेतला तेव्हा एएमडीचं कोटेशन मागितलंसुद्धा नाही, सरळ इंटेलचा कोअर आय फाइव्ह 2400. आता गंमत अशी की तो निर्णय अगदी बरोबर निघाला, पण कारण चुकीचं होतं. त्या वर्षांत एएमडीचं खरंच बिनसलेलं होतं. बुलडोझर म्हणून जे प्रोसेसर 2011 ला आले ते "आठ कोअर" (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) म्हणून विकले, पण दर दोन कोअरमध्ये बरीचशी यंत्रणा सामायिक, वीज जास्त खायचे आणि कामात मागे पडायचे, त्या आठ कोअरच्या दाव्यावरून अमेरिकेत खटला झाला आणि 2019 ला एएमडीला 1 कोटी 21 लाख डॉलर देऊन मिटवावा लागला. मी यातलं काहीही वाचून इंटेल घेतला नव्हता. मी क्रोशाच्या कव्हरखालच्या मशीनमुळे घेतला होता.

आणि दुसरी बाजू अशी की ज्या काळात आम्ही "एएमडी गरम होतो" म्हणत फिरत होतो, त्याच काळात, 2004 मध्ये, इंटेलचे प्रेस्कॉटवाले पेंटियम फोर आले, त्यांतले वरचे शंभर वॅटच्या पुढे जायचे. आमचा ॲथलॉन साठ-पासष्ट वॅटच्या आसपासचा. म्हणजे जास्त तापणारी चीज दुसऱ्याच दुकानात होती आणि नाव मात्र याचं खराब. पूर्ण खोटंही नव्हतं म्हणा, त्याच्या आधीच्या ॲथलॉनमध्ये तापल्यावर स्वतःहून हळू व्हायची सोय नव्हती, वरचा कूलर निघाला तर जळायचा, आणि पेंटियम फोर तसं झालं तर नुसता मंदावायचा. म्हणजे अफवेच्या मुळाशी खरी गोष्ट होती, पण ती आमच्या मशीनची गोष्ट नव्हती.

तर हा झाला माझा इतिहास, आणि हे सगळं घेऊन मी गेल्या वर्षी, 2025 च्या पावसाळ्यात, लेकासाठी कॉम्प्युटर जुळवायला बसले. त्याला बी.आर्क.ला ॲडमिशन मिळाली, पाच वर्षांचा कोर्स. माझं तेरा वर्षांचं आय फाइव्ह अजून टॅली आणि रिटर्न भरायला ठणठणीत आहे, पण त्याच्यावर विंडोज 11 अधिकृतपणे चढत नाही, इंटेलचं आठव्या पिढीपासून पुढचंच लागतं, आणि 10 चा सपोर्ट त्या ऑक्टोबरमध्ये संपणार होता. शिवाय त्याला ऑटोकॅड, स्केचअप ही नकाशे-मॉडेलची आणि पुढे व्ही-रे, ल्युमियन ही मॉडेलवरून खऱ्यासारखी चित्रं काढणारी सॉफ्टवेअरं, हे सगळं चालवायचं.

पहिल्या दुकानात गेलो तर काउंटरवरचा माणूस पहिल्या वाक्यालाच म्हणाला, "मॅडम, इंटेल घ्या, झंझट नको." मी विचारलं का हो? "कम्प्लेंट येत नाही." मला एकदम आमची पत्र्याखालची खोली आठवली. त्याचं मत त्याच्या कुठल्यातरी मे महिन्यात तयार झालं असणार. माणूस भला होता, वीस वर्षं धंद्यात आहे, त्याला मला फसवायचं नव्हतं. पण तो मला आजच्या चिपबद्दल सांगत नव्हता. आणि घरी लेक बरोब्बर उलटं, "आई, इंटेल आता कोण घेतं, एएमडीच." त्याच्या मित्रांत हे असं आहे की एएमडीची लाल टीम आणि इंटेलची निळी टीम, आणि एकमेकांना मेसेज टाकत भांडतात. त्याने डोक्यात घेतलेलं सगळं 2024 मधलं होतं, इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले काही प्रोसेसर जास्त व्होल्टेज घेऊन कायमचे बिघडत होते, कंपनीने स्वतः मान्य केलं, ऑगस्टमध्ये मायक्रोकोड, म्हणजे चिपच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, दिला आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवली. हे खरंच आहे. मी त्याला म्हटलं, 2023 च्या एप्रिलमध्ये एएमडीचे रायझन 7000 मालिकेतले एक्सथ्रीडी प्रोसेसर सॉकेटमध्ये, म्हणजे बोर्डवर प्रोसेसर बसतो त्या खोबणीत, जळाले होते ते पण वाच, तिथेही व्होल्टेजच, तिथेही नंतर मर्यादा घालायला लागली. त्याला ते माहीतच नव्हतं. त्याला मी रागावले नाही, कारण अठराव्या वर्षी मी याच्याहून कमी माहितीवर याच्याहून जास्त ठामपणे बोलत होते.

त्याला मी एक गोष्ट सांगत बसले त्या रात्री, ती मला स्वतःलाच फार आवडते. या दोन कंपन्या म्हणजे आपल्याकडची भाऊबंदकी आहे. दोन्ही निघाल्या एकाच घरातनं, फेअरचाइल्ड सेमीकंडक्टरमधनं. रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी 1968 ला इंटेल काढली, दुसऱ्या वर्षी जेरी सँडर्सनी एएमडी. आयबीएमने 1981 च्या आपल्या पीसीत इंटेलचा 8088 प्रोसेसर घातला, पण एकाच कंपनीवर अवलंबून राहायचं नाही म्हणून त्यांना दुसरा पुरवठादार हवा होता, म्हणून 1982 ला इंटेलने एएमडीशी करार केला. म्हणजे एएमडी या धंद्यात आली तीच इंटेलच्या सहीने. मग पुढचा 386 प्रोसेसर आला तेव्हा इंटेलने डिझाइन द्यायला नकार दिला, कोर्टकचेऱ्या झाल्या, वर्षानुवर्षं चालल्या, एएमडीचा स्वतःचा 386 बाजारात यायला 1991 उजाडलं. आणि मग फासा उलटा पडला, 2003 ला 64 बिटचं जे रूप एएमडीने बसवलं तेच शेवटी इंटेललाही घ्यावं लागलं. आज इंटेलच्या चिपमध्ये एएमडीने आखलेली गोष्ट आहे आणि एएमडीच्या चिपमध्ये इंटेलची, आणि दोघांनी एकमेकांना लिहून दिलेल्या परवान्यांवर दोघांची घरं उभी आहेत. बांधावरून भांडणारे, पण विहीर सामाईक. 2009 मध्ये सव्वा अब्ज डॉलर इंटेलने एएमडीला दिले आणि जुनी भांडणं मिटवली. आणि आता तर इंटेलच्या डेस्कटॉपवाल्या कोअर अल्ट्रा 200 मधला मुख्य तुकडा तैवानच्या टीएसएमसीत बनतो, जिथे रायझन बनतात. लाल आणि निळं एकाच कारखान्यातनं बाहेर पडतंय.

लेक म्हणाला, पण आई, एएमडीने लोकांसाठी केलं ना. केलं, मी नाही म्हणत नाही. 2017 ला कंपनीच्या प्रमुख लिसा सू यांच्या काळात रायझन आला तेव्हा इंटेल साध्या माणसाला वर्षानुवर्षं चारच कोअर देत होती, एएमडीने मधल्या किमतीत सहा दिले आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये इंटेललाही सहा द्यावे लागले. पण हीच एएमडी पुढे गेल्यावर काय झालं? रायझन 3600 आला होता 199 डॉलरला आणि 2020 ला 5600 एक्स आला 299 ला. त्याच वर्षी त्यांनी जुन्या बी 450 मदरबोर्डांवर नवे प्रोसेसर चालणार नाहीत असं जाहीर केलं होतं, लोकांनी आरडाओरडा केला म्हणून मागे घेतलं. मला यात काही वाईट वाटत नाही, कंपनी आहे ती. मला वाईट वाटतं ते पोरांनी तिचा झेंडा खांद्यावर घेतल्याचं. आपल्याला हवं ते एवढंच की दोन्ही भाऊ तगडे राहावेत, एक झोपला की दुसरा भाव वाढवतो.

मग आम्ही एक काम केलं, आणि मला वाटतं तेच खरं उपयोगाचं झालं. त्याच्या कॉलेजच्या एका सीनियरकडे आय फाइव्ह 12400 आहे, दुसऱ्याकडे रायझन 5600. दोन्ही सहा कोअर, बारा थ्रेड. लेकाने एकाच घराचं मॉडेल दोघांकडे रेंडर करून, म्हणजे त्याचं पूर्ण चित्र बनवून घेतलं. वेळ जवळजवळ सारखा. कोणता कोणाचा हे झाकून ठेवलं असतं तर सांगता आलं नसतं. फरक पडला तो ग्राफिक कार्डाने, ल्युमियनमध्ये तर सगळा भार कार्डावरच असतो, आणि फरक पडला रॅमने, 16 जीबीवाल्याचं मशीन स्केचअप आणि फोटोशॉप एकदम उघडल्यावर दम टाकायला लागलं. ऑटोकॅड तर बहुतेक वेळ एकच कोअर वापरतो, त्याला सोळा दिले काय आणि सहा दिले काय. घरी आल्यावर लेकाने स्वतःहून कागदावर प्रोसेसरचं बजेट कमी केलं आणि रॅमपुढे 32 लिहिलं. मला फार बरं वाटलं ते बघून.

तरी एक निवडायला लागणारच होता. 12400 वर माझं मन बराच वेळ होतं, कारण स्वस्त, जुन्या पिढीच्या डीडीआर फोर रॅमचा बोर्ड चालतो, तेराव्या-चौदाव्या पिढीची ती भानगड याला लागू नाही, आणि ज्याच्यापुढे एफ अक्षर नाही असा घेतला तर स्वतःचं ग्राफिक असतं, व्हिडिओच्या कामात त्याचा चांगला उपयोग होतो. (एफ बघून घ्या हां, तो घेतला आणि कार्ड नसलं तर स्क्रीनवर काहीच दिसत नाही.) बॉक्सवर 65 वॅट लिहितात पण जोरात असताना 117 पर्यंत जायची त्याला परवानगी आहे, रायझन 7600 वर पण 65 लिहितात आणि तो 88 पर्यंत जातो, म्हणजे तो आकडा वाचून वीजबिलाचा अंदाज बांधू नये. शेवटी आम्ही 7600 घेतला, आणि तो एएमडी आहे म्हणून नाही, तर त्याच्या सॉकेटसाठी. पाच वर्षांचा कोर्स आहे. 12400 चा सॉकेट चौदाव्या पिढीशी थांबला, 2024 च्या ऑक्टोबरपासून इंटेलने नवा काढला. 7600 चा सॉकेट, एएम फाइव्ह, 2027 आणि पुढेही चालू ठेवू असं एएमडीने म्हटलं होतं, आणि आधीच्या एएम फोरवर 2017 चे बोर्ड घेतलेल्यांनी 2022 चे प्रोसेसर खरंच बसवले, हे लोकांनी केलेलं आहे, म्हणून मी त्या शब्दावर पैसे लावले. चौथ्या वर्षी थिसिसच्या आधी नुसता प्रोसेसर बदलून काम भागावं एवढीच इच्छा. पण हेही मनापासून सांगते, बजेट आणखी सहा-सात हजारांनी कमी असतं तर 12400 घेतला असता आणि शांत झोपले असते.

जुळवायच्या दिवशी आई कराडहून आलेली होती. रविवार, हॉलमध्ये खाली चादर, तिच्यावर सगळे बॉक्स. मी लेकाला म्हटलं, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून आधी नळाला हात लाव आणि मग हात लाव कशालाही. त्याने बॉक्समधून प्रोसेसर काढला, आई चष्मा लावून पुढे वाकली आणि म्हणाली, "पिना कुठायत?" तिच्या शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली, तो जुना ॲथलॉन अजून आहे, खाली साडेचारशेच्या आसपास पिना, वर मध्ये चकचकीत उघडी चिप आणि चार कोपऱ्यांत चार काळी रबराची बटणं. लेकाने तिला सांगितलं, आजी, पिना आता बोर्डवर असतात, 1718 आहेत, त्यांना हात लावायचा नाही. सोनेरी त्रिकोण त्रिकोणावर ठेवून त्याने चिप नुसती सोडली, दाबली नाही, आणि दांडी खाली आणायला लागला. इथे खरंच पोटात गोळा येतो. दांडी घट्ट असते, करकर असा आवाज येतो, जणू आत काहीतरी मोडतंय, आणि तरी दाबतच राहायला लागतं. वरची काळी टोपी टपकन उडाली. बसला. बॉक्समधल्याच कूलरला खाली पेस्ट आधीच लावलेली होती, करडी, चार स्क्रू, समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळले.

बटण दाबलं. पंखे फिरले, स्क्रीन काळी. एक मिनिट, दोन मिनिटं, बोर्डवर रॅमजवळ एक बारका पिवळा दिवा, बाकी काही नाही. लेकाचा चेहरा उतरला. मी वाचून ठेवलेलं होतं की डीडीआर फाइव्ह पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमची जुळवाजुळव करत बसतो, त्याला वेळ लागतो आणि तेवढ्यात घाबरून बंद करायचं नाही. वाचलेलं असूनही माझा हात दोनदा बटणाकडे गेला. आई सोफ्यावर बसून काही न बोलता बघत होती. चौथं मिनिट संपत आलं असेल आणि अक्षरं उमटली, प्रोसेसरचं नाव, 32 जीबी, तापमान 41.

संध्याकाळी लेकाने सीनियरचं तेच घराचं मॉडेल रेंडरला लावलं, मुद्दाम प्रोसेसरवर, आणि आम्ही जेवायला बसलो. जेवण झाल्यावर आई उठली, त्याच्या खोलीत गेली. मी ताटं उचलत होते, दारातून दिसलं. ती खाली वाकून कॅबिनेटच्या मागच्या जाळीपाशी तळहात धरून उभी होती, ताप बघावा तसा.

"गरम लागतंय का गं?" मी विचारलं.

"लागतंय की. चाललंय ना आत." आणि मग तिने दोन्ही हातांनी कॅबिनेट भिंतीपासून चांगलं वीतभर पुढे ओढलं, वायर ताणत नाहीये ना ते बघितलं, आणि वर ठेवलेला लेकाचा शर्ट उचलून खुंटीला लावला.